बसलेला पाटा

भिंतीवरची तसबीर जरा वाकडी दिसली की जी माणसं उठून ती सरळ करतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र त्यांच्या शेजारी बसायला मला आवडत नाही. तसबिरीचं काम झालं की त्यांची नजर आपल्या कॉलरवर येते. शिवाय तसबीर सरळ करण्यात फारसा पराक्रम नाही. ती एका खिळ्याला टांगलेली असते, तिला कुणाचं ओझं वाहायचं नसतं, आणि दोरी इकडची तिकडे सरकवली म्हणून तिची एक बाजू दुसरीशी अबोला धरत नाही. खरी पंचाईत होते ती चार पायांवर उभ्या असलेल्या आणि ओझं वाहणाऱ्या वस्तू वाकड्या झाल्या म्हणजे. उदाहरणार्थ, जुनी मोटार. किंवा घर. विटांचं नाही म्हणत मी, माणसांचं.

आमच्या वाट्याला गेल्या वर्षी दोन्ही एकदमच आली.

आधी मोटारीचं सांगतो. ही अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. हिचं माहेर इटलीचं. फियाट कंपनीनं १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००-१०३ नावाची जी गाडी मांडली, तिच्या घराण्यातली ही. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात हे घराणं नांदायला आलं आणि सत्तरच्या दशकात, आपल्याकडे लग्नात करतात तसं, नाव बदलून तिला 'पद्मिनी' केलं. अण्णा कोल्हापुरात डॉक्टर. नंबर लावून, वर्षं मोजून, त्यांनी ती १९८२ साली घेतली. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावलेला माणूस आणि मुलीसाठी स्थळ पाहणारा बाप यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असे.

अण्णा गाडी चालवायचे एकट्यानं. गगनबावड्याच्या बाजूची खेडी, रात्री-अपरात्रीच्या व्हिजिटा. अण्णांचं वजन ९४ किलो. डावीकडच्या सीटवर त्यांची बॅग. तिचं वजन चार किलो, तेही स्टेथोस्कोप धरून. असा संसार २६ वर्षं चालला. परिणाम व्हायचा तो झाला. गाडी उजवीकडे कलली. अण्णा गेल्यावर ती पोर्चमध्ये रिकामी उभी असायची, तरी उजवीकडे इतकी झुकलेली, की संध्याकाळच्या अंधारात पाहिलं तर ते अजून आत बसलेत असं वाटावं. मी दोनदा लगबगीनं सिगारेट विझवली आहे. माझं वय एकसष्ट.

या गाडीला पुढे कॉइलच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. पाटा म्हणजे वरवंट्याचा नव्हे. पोलादाच्या पट्ट्या, लांबीनं उतरत्या, एकीला एक लावून मधोमध आवळलेल्या, आणि सगळ्यांना धनुष्यासारखा बाक. गाडीचं मागचं वजन या बाकावर तोललेलं असतं. वर्षानुवर्षं एका अंगाला जास्त ओझं पडलं की तिकडचा बाक उतरतो. याला मिस्त्री लोकांचा शब्द आहे, 'पाटा बसला'. हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या घरात तो पुढे फार महागात पडला.

आता गंमत अशी, की हीच गाडी रस्त्यावर चालताना मात्र ओळंब्यात दिसायची. आपला डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण चालतो डावीकडून. म्हणजे रस्ता गाडीला डावीकडे कलवतो आणि अण्णांची गाडी मुळात उजवीकडे कललेली. दोन वाकडेपणांची वजाबाकी होऊन बाकी शून्य! सौभाग्यवतींचं म्हणणं पडलं, "रस्त्यावर सरळ दिसते ना? मग पोर्चमध्ये कुणाला दाखवायचीय?" तत्त्वज्ञान म्हणून हे बरंच पुढारलेलं आहे. वाकड्या जगात वाकडं राहिलं की माणूस सरळ दिसतो, हे मी बँकेत चौतीस वर्षं पाहिलंय. पण अशी गाडी वळणावर एका बाजूला एक वागते आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि खड्ड्यात गेली की उजवीकडचं मागचं चाक खाली उरलेली दोन बोटं जागा संपवून खाडकन वर आदळतं. तेव्हा दुरुस्ती करायचं ठरलं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं (नाव सांगत नाही, त्याची मुलं शिकतायत) पाच मिनिटांत निकाल दिला. "डावीकडचा एक पाटा काढून टाकतो. लेव्हलला येईल." उजवी बाजू खाली गेली आहे ना, मग डावीही खाली आणा, हिशेब मिटला. खर्च जवळजवळ नाही. हा उपाय ऐकल्यावर मला आमच्या वर्गाची आठवण झाली. एकाला गणित आलं नाही की मास्तर सगळ्यांना बाकावर उभे करीत. समता साधायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. डावीकडचा पाटा काढला तर गाडी सरळ दिसेल हे खरं. पण त्यानं उजव्या पाट्याला मिळालं काय? तो जिथे होता तिथेच. फक्त आता त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी उरलं नाही. वर डावी बाजूही दुबळी झाली, आणि गाडीची ओझं वाहायची ताकद तेवढी कमी झाली. खाली गेलेल्याला वर आणण्याऐवजी वरच्याला खाली आणायचं, यात न्याय झाला की नुसता देखावा?

याच सुमारास घराचा प्रश्न निघाला.

अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. इतरांना वेळच्या वेळी औषध घ्यायला सांगणाऱ्या माणसानं स्वतः ही एक गोळी तेवढी टाळली. आम्ही भावंडं तीन. थोरली आक्का, मधला मी, आणि धाकटा न्यू जर्सीत. कायदा स्वच्छ आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही दिला. म्हणजे घर विकून तीन सारखे भाग. धाकट्यानं फोनवर सांगितलं, "दादा, समान म्हणजे समान. यात बोलण्यासारखं काय आहे?"

बोलण्यासारखं एवढंच होतं, की आई २००९ साली अर्धांगानं अंथरुणाला खिळली. आक्का शाळेत शिक्षिका होती. तिनं २०१० साली मुदतीआधी निवृत्ती घेतली. आईचं नऊ वर्षं केलं आणि मग अण्णांचं, ते जाईपर्यंत. त्यात पगार गेला, पेन्शन कमी बसलं, आणि एक चांगली बासष्ट वर्षांची बाई, जिला हिमालय पाहायचा होता, ती पन्हाळ्याच्या पुढे गेली नाही. नातेवाईक मात्र विचारलं की सांगायचे, "आक्का काय, नोकरी सोडून घरी बसली." पाटा बसला म्हणतात ना, तसंच.

आणि धाकट्याची बाजूही फेकून देण्यासारखी नाही. हॉस्पिटलची मोठी बिलं त्यानंच भरली. डॉलरलाही वजन असतं. तो तिकडे रात्रपाळीत जागला ते मोजायचं की नाही? मोजायला लागलं की हा त्रास असतो. अमर्त्य सेनांनी १९७९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला एक व्याख्यान दिलं, त्याचं नावच मुळी होतं, 'समता, पण कशाची?' सगळेच समतावाले असतात, म्हणाले ते. भांडण असतं ते काय समान करायचं यावर. एकाला सारखी रक्कम हवी, दुसऱ्याला सारखं सुख, तिसऱ्याला आपल्या मनासारखं जगता येण्याची सारखी शक्यता. आणि यातलं एक सारखं केलं की दुसरं हटकून कमी-जास्त होतं. माझ्या गाडीला हे तंतोतंत लागू होतं. दोन्ही बाजूंचे पाटे कारखान्यानं सारखे दिले होते. अगदी मोजून. म्हणूनच गाडी वाकडी झाली.

मग कुणीतरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिला. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. बाकीच्यांसाठी म्हणून सांगतो, तिथे लेथचा आवाज थांबला की लोक घाबरून घराबाहेर येतात. मिस्त्रीनं गाडीकडे पाहिलंच नाही. आधी फरशीकडे पाहिलं. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी, चारी चाकांखालची जमीन लेव्हलला आहे का ते तपासलं. मग हवा. चारी टायर बघितले. मग डिकी रिकामी करायला लावली. त्यातून अण्णांची छत्री, एक ग्लुकोजची बाटली आणि १९९४ सालचं कॅलेंडर निघालं. मग गाडी पुढे-मागे ढकलली, कोपऱ्या-कोपऱ्यावर दाबून हलवली.

"हे कशाला?"

"पाट्याला पाटा घासतोय न्हवं साहेब. गंजानं धरून ठेवतोय. जिथं शेवटी थांबली तिथंच अडून बसती गाडी. हलवल्याबिगर खरं सांगत न्हाई."

माणसांच्या बाबतीतही, ज्या भावंडांनी दहा वर्षं कुठला विषयच काढलेला नसतो, त्यांचं 'आमचं सगळं छान आहे' हे माप घेऊ नये, हलवून घ्यावं. आम्ही एव्हाना पुरेसे हललेले होतो.

मग त्यानं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी लावली. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही हिशेबात येते, म्हणून मध्यापासून. मागे उजवी बाजू डावीपेक्षा ३५ मिलिमीटर खाली. पुढेही उजवीकडे १२ मिलिमीटर खाली. मी म्हटलं, "म्हणजे पुढची स्प्रिंगही गेली." मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं मागे डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावला आणि मागची दोन्ही चाकं उचलली. आता गाडी मागे एकाच बिंदूवर टेकलेली, डावी-उजवी करायला मोकळी. पुन्हा पुढे पट्टी लावली. दोन्हीकडे सारखं! पुढच्या स्प्रिंगेत काडीचा दोष नव्हता. मागचा कोपरा खचला म्हणून अख्खी बॉडी तिरपी होऊन ती बिचारी दबली होती. चार पायांच्या संसारात कुरकुर कुठल्या कोपऱ्यातून येते त्यावरून दुखतं कुठे ते कळत नाही, हे मला तिथे समजलं. धाकट्याची कुरकुर मला तोवर पैशाची वाटत होती. ती बहुधा, अण्णांच्या शेवटच्या दिवशी तो विमानतळावर अडकला होता, त्याची असावी.

आता उपाय. उजवीकडे एक जादा पाटा घालावा? मिस्त्री म्हणाला, उंची येईल, पण ती बाजू कडक होईल. खड्ड्यात डावीकडचा माणूस झुलेल, उजवीकडचा उडेल. शॅकल लांब करावी? जितकी लांब करावी त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, आणि मुळातलं दुखणं तसंच राहतं. अँबॅसडर असती तर पुढच्या बाजूपुरती सोय होती. तिला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळावर तोललेली कांब, आणि पीळ कमी-जास्त केला की उंची बदलते. सित्रोएन कंपनीनं तर १९५५ साली डीएस नावाची गाडी काढली, तिला तेल आणि वायूच्या जोरावर अशी व्यवस्था की कुणीही कुठेही बसा, गाडी आपली आपण उंची सावरून घेते. चाकांवरचं कल्याणकारी राज्यच ते! फक्त इंजिन बंद केलं की काही वेळानं हळूहळू खाली बसत जाते. सरकार झोपलं की सगळेच पोटावर.

"मग आपण काय करायचं?"

"दोन्ही पाटे काढायचे. बाक द्यायचा. उजव्याला जास्त, डाव्याला जरा. पाणी द्यायचं." पाणी देणं म्हणजे लाल तापवलेलं पोलाद तेलात बुडवायचं. तेलात बुडवून त्याला पाणी दिलं म्हणणारी आपली भाषा मला फार प्रिय आहे.

मी विचारलं, "पण मिस्त्री, उजवा पाटा कमजोर झालाय. बदलूनच टाकावा ना?"

तेव्हा तो म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. "कमजोर कुठला हो साहेब? बसलाय. बसणं येगळं आणि कमजोर व्हणं येगळं. त्याची जाडी तेवढीच हाय, लांबी तेवढीच हाय. आजबी शंभर किलो टाका, डावा जेवढा वाकंल तेवढाच ह्योबी वाकंल. फकस्त खालनं सुरुवात करतोय."

हे शास्त्राला धरून आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या लांबी-रुंदी-जाडीवर आणि पोलादाच्या जातीवर असतो. बाक उतरला म्हणून तो फारसा बदलत नाही. बसलेला पाटा पूर्वीइतकाच ओझं पेलतो. त्याची हरवलेली असते ती उंची.

घरी येऊन मी आक्काला हे उत्साहानं सांगितलं आणि तिथेच विषय पेटला. मी म्हटलं, "आक्का, माझ्या वाट्यातलं काही तू घ्यावंस असं मला वाटतं." आक्का तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "मला पॅकिंग घालू नका. मी सेवा केली ती बिल लावायला नाही. कायद्यानं जे येईल ते घेईन, एक पैसा जास्त नको आणि कमीही नको."

आता यावर काय बोलणार? तिचं चुकलंही नव्हतं. सेवेला किंमत लावली की ती नोकरी होते, आणि नोकरीच करायची तर तिची शाळा बरी होती. पण मला वाटतं, तिनं दोन गोष्टी एक केल्या. उपकार म्हणून उचलून धरणं वेगळं, आणि ज्या ओझ्यानं उंची गेली ते आमचंही होतं असं मान्य करून ती परत देणं वेगळं. पहिल्यात देणारा मोठा होतो. दुसऱ्यात तो फक्त जागेवर येतो. २६ वर्षं अण्णांना त्या पाट्यानं वाहिलं म्हणून डावा पाटा ताठ राहिला, यात डाव्याची काही कर्तबगारी नाही. मी पुण्यात ताठ राहिलो, धाकटा न्यू जर्सीत ताठ राहिला. लोक आमच्या प्रकृतीचं कौतुक करतात.

ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीची गोष्ट सांगितली आहे. ती पट्टी शिशाची. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाकायची. कायदा सगळ्यांसाठी एकच असल्यामुळे एखाद्या ठिकाणी अपुरा पडतो, तिथे अशी पट्टी लावावी, असं त्याचं म्हणणं. गोष्ट छान आहे. पण मला तिची थोडी भीतीही वाटते. वाकणारी पट्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात आहे आणि ती वाकली ती नेहमी भावांच्या बाजूला. हक्कसोडपत्र नावाचा जो कागद आहे, तो फक्त बहिणींच्या सहीसाठी जन्माला आला असा सर्वत्र समज आहे. मी वकिलाकडे जाऊन म्हटलं, मला माझा अर्धा वाटा बहिणीच्या नावे सोडायचाय. त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बहिणीचं नाव काय? सही करायला कधी येतील त्या?" तीनदा सांगितल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला; मग त्यानं माझ्याकडे, मोटारीसाठी नंबर लावणाऱ्याकडे लोक बघत तसं बघितलं. म्हणून म्हणतो, लोखंडी पट्टीही घरात असू द्यावी. कायद्याचा तिसरा हिस्सा तिचा आहेच, त्याला कुणी हात लावू शकत नाही, ही फरशी आधी लेव्हलला असली पाहिजे. शिशाची पट्टी त्यानंतर.

मसुदा तयार आहे. धाकट्याला पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "पाहतो." हे न्यू जर्सीचं आहे की कोल्हापूरचं, ते अजून कळलेलं नाही. आक्का अजून 'नको' म्हणते, पण हल्ली तांदूळ निवडत निवडत म्हणते.

गाडीचं काम मात्र झालं. पाटे भट्टीतून येऊन बसले, म्हणजे बसवले. शॅकलचे रबरी बुश नवे घातले. मी बोल्ट आवळायला पाना पुढे केला तर मिस्त्रीनं अडवलं. गाडी जॅकवर लटकत असताना बुश आवळले की रबर त्या लटकत्या अवस्थेतच पिळून धरतं आणि गाडी कधीच खऱ्या उंचीवर बसत नाही. चाकं जमिनीला टेकवून, वजन पडू देऊन, मग आवळायचं. गाडी खाली घेतली. पुन्हा हलवली. मिस्त्रीनं पट्टी काढली आणि विचारलं, "साहेब, गाडी चालवणार कोण?"

मी म्हटलं, "का?"

"चालवणाऱ्याच्या वजनावर शेवटचं माप धरायचं. रिकाम्या गाडीचं माप घिऊन काय पूजा करायची?"

मला मनात अजून ९४ किलोच दिसत होते. मी उत्तर शोधतोय तोवर मागून आक्का म्हणाली, "मी." तीच तर चालवत होती २००८ पासून, आईला हॉस्पिटलात तीच न्यायची. आमच्यापैकी कुणी हे मोजलंच नव्हतं.

मिस्त्रीनं अदबीनं दार उघडलं. आक्का आत बसली, सत्तेचाळीस किलो, पर्ससकट. तिनं आरसा खाली केला, सीट पुढे ओढली, आणि मला म्हणाली, "तू काय बघत उभा राहिलायस? डावीकडे बस. रोज तिथे कुणी ना कुणी असणारच आहे." मी बसलो. बाहेर मिस्त्री उकिडवा बसून पट्टी लावत होता आणि ओरडून सांगत होता, "हलू नका कुणी!"